कप्तानाच्या पुस्तकातली चिठ्ठी

"काका, सारखा खिशाला हात काय लावताय? छातीत दुखतंय का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"नाही, नाही. पत्र आहे."

"कुणाचं?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि परत आलेली पुस्तकं लावायला उठलो. ते पत्र येऊन महिना होत आला होता आणि मी उत्तर दिलेलं नव्हतं. रोज शर्ट बदलताना ते कालच्या खिशातून आजच्या खिशात जायचं, एवढाच काय तो त्याचा प्रवास.

आमचं कॉलेज मोठ्या माणसांचं आहे. दिवसभर कुठे ना कुठे राबलेली माणसं संध्याकाळी इथे वायरिंग, शिवण, हिशेब, रुग्णसेवा असं काहीबाही शिकायला येतात. ग्रंथालय म्हणजे वर्कशॉपच्या डोक्यावरची एक लांबट खोली. खाली ड्रिल सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. निवृत्तीनंतर मी तिथे मदतीला जातो. पगार नाही, पण चहा मिळतो, आणि पुस्तकांत बसायला मिळतं. बाईंनी दाराजवळचं एक फडताळ मला दिलं आहे. 'वाचून बघा' अशी त्यावर पाटी आहे. त्यातल्या प्रत्येक पुस्तकात मी एक चिठ्ठी ठेवतो: हे पुस्तक कुणी वाचावं, कधी वाचावं, याच्या दोन-चार ओळी. समोरच्या माणसाला 'हे वाच' म्हणायची माझी हिंमत होत नाही. चिठ्ठीत मात्र मी चांगलाच बोलका असतो.

फडताळाला आतून रंग द्यायचं निघालं तेव्हा मी सगळ्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या, आणि रंग वाळल्यावर आठवणीने परत घातल्या. माझी आठवण! सर्कशीतल्या आचाऱ्याची एक मजेदार कादंबरी होती. तिच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, 'आजारी माणसाच्या उशाशी बसून वाचावं असं पुस्तक. पोट धरून हसाल. कुणी मरत नाही.' ही चिठ्ठी गेली एका बोटीच्या कप्तानाच्या कादंबरीत. तो कप्तान मरतो.

आणि नेमकं तेच पुस्तक रुग्णसेवेच्या वर्गातल्या एका ताईंनी नेलं. वडील घरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्या वर्ग सोडून चालल्या होत्या. जाता जाता फडताळापाशी थांबल्या, चिठ्ठी वाचून हसल्या. मी पलीकडून बघत होतो आणि मनातून खूश होतो.

त्यांच्या पत्रात असं होतं: 'चिठ्ठी लिहिणाऱ्यास नमस्कार. रोज थोडं थोडं बाबांना वाचून दाखवत होते. कुणी मरत नाही म्हणून निर्धास्त होते. आईला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. कप्तान गेला ते पान वाचताना मला थांबताही आलं नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलणं सोडलं, व्यायाम सोडला. डॉक्टर म्हणतात, आता उठून चालले नाहीत तर कायमचे पडून राहतील. तुमच्यावर राग नाही. पुढे काय वाचू, तेवढं सांगा.'

तेवढंच सांगायचं होतं. मनातल्या मनात मी अख्खं ग्रंथालय पालथं घातलं. ज्यात त्यात कुणीतरी मरत होतं, नाहीतर मरायला टेकलेलं होतं. आणि ज्यात सगळे धडधाकट होते, त्यात मला काही राम वाटेना. पुन्हा चुकलो तर? त्या भीतीने मी नव्या चिठ्ठ्या लिहिणंसुद्धा बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी वायरिंगच्या वर्गातला एक दांडगा गृहस्थ खिशात टेस्टर खोचून वर आला. त्याच्या हातात कप्तानाचं पुस्तक होतं.

"हे माझ्या ताईचं परत करायचंय," तो म्हणाला. "आणि इथे चिठ्ठ्या कोण लिहितं?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी पेन माझ्याकडे रोखलं.

"तुम्ही होय! मला वाटलं, कुणीतरी तरणाताठा असेल."

"का बरं?"

"बाबा रोज उठून शिव्या घालतात ना तुम्हाला. तुमच्याकडे बघून आता मलाच कसंतरी होतंय."

"शिव्या? पण ते तर बोलत नाहीत ना? ताईंनी लिहिलं होतं..."

"ते आधीचं झालं. आठवडाभर खरंच गप्प होते. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, धुक्यात बोट बाहेर काढली, मरणारच तो गाढव. ताई म्हणाली, अहो बाबा, घाई होती त्याला. झालं! घाई कुणाला नसते, म्हणाले. जन्मभर बस चालवलीय मी, धुकं असलं की डेपोतून गाडी हलवत नव्हतो, साहेब आला तरी. ते धुक्याचं प्रकरण तिला पुन्हा वाचायला लावलं. मग रोज भांडण. आणि परवा काय केलं माहितीय? वॉकर ओढला आणि उठले."

"उठले?"

"कप्तानानं कुठे उभं राहायला हवं होतं, ते दाखवायला! कॉटपासून खिडकीपर्यंत गेले. खिडकी म्हणजे बोटीचं नाक. जाताना तरातरा गेले. परत येताना आम्हा दोघांचा घाम काढला, ती गोष्ट वेगळी."

बाई मोठ्यांदा हसल्या. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणालो, "चिठ्ठी दुसऱ्याच पुस्तकातली होती हो. माझ्या हातून अदलाबदल झाली."

"म्हणजे 'कप्तान मरतो' असं वाचून कुणीतरी तुमचं दुसरं पुस्तक नेलं असेल?"

"सर्कशीचं."

"तो बिचारा अजून कप्तान शोधत असेल!" तो टेबलावर हात आपटून हसला. मग हसणं ओसरलं. "पण आता अडचण झालीय. पुस्तक संपलं. दोन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड. उठायचं नाव नाही. ताईनं तुम्हाला विचारलंय म्हणे. पोस्टमन आला की धावते. बाबा म्हणतात, वाट बघू नकोस, खोटं लिहिणारा उत्तर कशाला देतोय."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

"द्या लिहून आत्ताच, मी घेऊन जातो," तो म्हणाला.

"मी... पोस्टाने पाठवतो."

"अहो, चार गल्ल्या पलीकडे घर आहे आमचं!"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "समोर कुणी असलं की त्यांच्या हातून अक्षर उमटत नाही. आणि हे बघा, ताईंना सांगा, वर्ग सोडला तरी वर्षअखेरपर्यंत त्यांचं कार्ड चालतं. रुग्णसेवेचे तास आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो, घरी बसून ऐकता येतात. पुस्तकंही घरपोच देतो. खाली फलकावर सगळं लिहिलंय, पण तुम्ही लोक त्या फलकाला सायकली टेकवता."

"परीक्षा देता येईल तिला?"

"अभ्यास केला तर का नाही येणार?"

तो गेला आणि मी कागद घेऊन बसलो. पहिला फाडला, फार माफी मागत होतो. दुसरा फाडला, फार शहाणपण शिकवत होतो. खाली ड्रिल थांबलं, वर्ग सुटले, जिन्यावर माणसांचा गलबला झाला. तोवर हे एवढं जमलं होतं:

'ताईंना नमस्कार. चिठ्ठी चुकीच्या पुस्तकात गेली, चूक माझी. उत्तराला उशीर केला, ती त्याहून मोठी. या पत्रापाठोपाठ तुमच्याकडे दोन पुस्तकं येतील. एक घाटात ट्रक चालवणाऱ्या दोन भावांचं आहे. त्यातला धाकटा मरतो, हे आधीच सांगतो. थोरल्याला त्याला वाचवता आलं असतं का, यावर माझं मत आहे. ते वडिलांना पटणार नाही. त्यांनी इथे येऊन भांडावं. ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागेल, पण कठडा भक्कम आहे. दुसरं पुस्तक रुग्णसेवेचं, ते तुमचं. मी ते वाचलेलं नाही. तुम्ही वाचून कसं आहे ते कळवा, म्हणजे त्यात चिठ्ठी घालता येईल.'

बाईंना दाखवावं असं वाटलं, पण दाखवलं असतं तर तोही कागद फाडला असता. पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि हात थांबला. 'त्यांनी इथे येऊन भांडावं' हे जरा आगाऊपणाचं तर झालं नाही? ओळख ना पाळख, आजारी माणूस...

"काका," मागे एक बाई हातात पत्र घेऊन उभी होती. "टाकताय की परत नेताय?"

"टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं.