गंगेत सोडलेलं

काशीले गेलं का आवडीची एक वस्तू सोडा लागते, हे आमच्या नांदगाव खंडेश्वरात शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत हाय. कोणी पेरू सोडते, कोणी सीताफळ. बहुतेक लोक त्यातही लबाडी करतात. आमच्या शेजारच्या माणिकबाईनं बसमधी बसल्या बसल्याच जाहीर केलं का मी दोडके सोडणार. आता दोडक्याची भाजी पाहिली का या बाईचं तोंड वाकडं होते, हे साऱ्या गल्लीले ठाऊक! पण गंगामाई काय आमच्या गल्लीत राहते? चालून जाते.

माह्या घरची मात्र लबाडीतली नाई. गोदाबाई तिचं नाव. बावीस वर्षांआधी तिनं नर्मदेवर चहा सोडला, तवापासून पाहुण्याच्या घरीही कपाले हात लावला नाई. डोकं फुटत असलं तरी नाई. तिनं सोडलं म्हणजे सोडलं, बापा.

अन् बसनं अमरावती सोडली नाई तोच ही बाई मले म्हणते, "मी प्राजक्ताशी बोलणं सोडून येतो."

"काय बोलून राहिली तू?" मी म्हटलं. "चार वर्षं झाले, बोलतेच कुठं तू तिच्याशी?"

"आता गंगेत सोडतो. म्हणजे मनातली वळवळ तरी जाईन."

प्राजक्ता आमची एकुलती एक लेक. गोदीच्या भावानं तिच्यासाठी सोयरीक जमवली होती. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, अन् पोरीनं अकोल्यात जाऊन कोर्टात श्यामसंग लग्न लावलं. श्याम शाळेत मास्तर हाय, पोरगा सोन्यासारखा. पण पाहुण्यात गोदीच्या भावाची नाचक्की झाली. त्यानं बहिणीचं दार बंद केलं ते केलंच. राखीले नाई, भाऊबीजेले नाई. लेकीपायी माह्या बायकोचं माहेर तुटलं, भाऊ. तिच्या रागाले मी फुकटचा राग कधी म्हटलं नाई.

पण न बोलणं अलग अन् बोलणं सोडणं अलग. रुसलेलं माणूस कधी तरी वळते. गंगेत सोडलेलं वळत नाई.

त्यात माही स्वतःची चोरी होती. चार वर्षं मी दर महिन्याले अकोल्याले जाऊन राहिलो होतो, डोळ्याच्या डॉक्टरकडं म्हणून. माहे डोळे घारीसारखे हाय. मी जायचो लेकीकडं. तिच्या हातची भाकर खायचो अन् घरी येऊन सांगायचो का डॉक्टरनं थेंब बदलून देल्ले. गोदी बिचारी ते थेंब मोजून माह्या डोळ्यात टाके. आता पोरीले नववा महिना लागला होता. मागच्या खेपेले ती मले म्हणे, "बाबा, आईले एकदा बोलाले लावा ना. फक्त एकदा. मंग मले कशाचंच भेव नाई." डॉक्टरनं बाळंतपणाची तारीख देल्ली होती ती आमी वापस आल्यावर आठ दिवसांची. मी पोरीले शब्द देल्ला का काशीत सांगतो. काशीत माणूस नरम पडते.

नरम? पहिल्या दिवशी कालभैरवाले गेलो. तो काशीचा कोतवाल, त्याच्या परवानगीबिगर यात्रा लागत नाई. पुजाऱ्यानं पाठीवर मोरपिसाचा झाडू हाणला, गळ्यात काळा दोरा बांधला. मी म्हटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलं अन् गोदी देवाकडं पाहत म्हणते, "खोटं बोलणाऱ्याले हा देव सोडत नाई म्हणतात." उघडलेल्या तोंडात मी प्रसादाचा पेढा टाकला.

दुसऱ्या दिवशी विश्वनाथ. तिथं मोबाइल आत नेऊ देत नाईत, लॉकरमधी ठेवा लागते. तीन तास रांग. माह्या मनात एकच, श्यामचा फोन आला तर? एक पाय दुसऱ्या पायावर देऊन उभा होतो. गोदीनं माह्याकडं पाहिलं.

"काहून असे चुळबुळ करून राहिले? पोट बिघडलं का?"

"गोदे," मी म्हटलं, "पोरगी कशी असन, असं कधी मनात येत नाई का तुह्या?"

रांग दोन पावलं सरकली. मंग ती म्हणते, "आणखी एक शब्द बोलले ना, तर मी इथून एकटी धर्मशाळेत जाईन. देवाच्या दारात मले तमाशा करा लावू नका."

अन् ती करणार! मी घाबरट माणूस, खोटं काहून बोलू. दर्शन झालं, पिंडीवर दूध वाहिलं, अन् मी देवाले मागितलं काय? बायकोची बुद्धी नाई, पोरीची बाळंतपणातून सुटका नाई. मी मागितलं, माही चोरी उघडी न पडो. लाज वाटते सांगाले.

बाहेर आल्यावर फोन पाहिला. कोणाचा नोयता. जीव भांड्यात पडला अन् डोकं चालाले लागलं. संध्याकाळी मी एकटाच दशाश्वमेध घाटावर आमच्या बसवाल्याच्या पंड्याकडं गेलो. त्याले म्हटलं, "पंडितजी, जोडीनं बसल्यावर संकल्प कोण बोलतो?"

"यजमान बोलता है," तो म्हणे. "पत्नी बस हाथ को हाथ लगाती है."

"मतलब मैं जो छोड़ूँगा, वो दोनों का?"

"दोनों का. यही रीत है."

झालं! मी तिथंच ठरवलं. मी भरीत सोडीन. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरीसंग, वरतून कच्चं तेल. वऱ्हाडातल्या माणसानं भरीत सोडणं म्हणजे अर्धा संन्यास. पण सोडीन. मी पटकन बोलीन, गोदीचा हात माह्या हाताखाली राहीन, पाणी गंगेत पडन, अन् ती बोलायच्या आधीच सारं उरकन. रात्री मले मस्त झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगेत अंघोळ करून घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो. पंड्यानं माह्या उपरण्याची अन् गोदीच्या पदराची गाठ मारली. आमच्या आधी माणिकबाईचा नंबर होता. तिनं दोडके सोडले. पंडा हासला.

"माताजी, जो सबसे प्यारा हो वही छोड़ना. नहीं तो फल नहीं मिलता."

माणिकबाई म्हणते, "मले दोडके लय प्यारे हाय." अन् लगबगीनं उठून गेली.

आमचा नंबर आला. पंड्यानं माह्या हातात दर्भ देल्ला, पाणी देल्लं, गोत्र विचारलं. गोदीनं माह्या हाताखाली हात लावला. पंडा मंत्र म्हणाले लागला अन् माह्या बंडीच्या खिशात फोन थरथरला.

पाहिलं. श्यामचा. सकाळच्या आठ वाजता तो कधीच फोन करत नाई.

आता ऐका, मी काय केलं ते. तिथंच बसून फोन उचलला असता तर गोदीनं सारं ऐकलं असतं, अन् हे सारं टळलं असतं. पण माही चोरी! मी पाणी वापस तांब्यात टाकलं, खांद्यावरचं उपरणं काढून तिच्याजवळ ठेवलं, "दोन मिनिटात येतो" म्हटलं अन् पायऱ्या चढून वर पळालो.

"बाबा," श्याम म्हणे. "पहाटे तिचं बीपी वाढलं. डोळ्यापुढं अंधारी आली. आत नेलं आता, पोट कापा लागते म्हणतात. रक्ताच्या दोन बाटल्या आणाले सांगतलं. आत जाताना मले म्हणे, आईले सांगा. बाबा, तुमी सांगतलं का आईले?"

"आता सांगतो," मी म्हटलं. "आत्ताच सांगतो!"

पायऱ्या उतरताना पाय घसरला, ढोपर फुटलं. मी वरतूनच बोंबललो, "गोदे! थांब! गोदे!"

ती पदरानं हात पुसून राहिली होती.

पंडा म्हणे, "आप देर कर रहे थे, पीछे लाइन है. यजमान न हो तो उसका उपरणा चलता है. माताजी ने संकल्प कर लिया."

"काय सोडलं?" मी विचारलं. मले माहीत होतं, तरी विचारलं.

"सांगतलं होतं ना," गोदी म्हणे. "तिच्याशी बोलणं."

अन् मंग चार वर्षांचं सारं भडाभडा ओकलो. डोळ्याचा डॉक्टर नाई, थेंब खोटे, नववा महिना, आत नेलं, रक्त. ती ऐकत राहिली. मले वाटलं थापड मारते आता. मारली असती तर बरं झालं असतं.

मी पंड्याचे पाय धरले. "पंडितजी, वापस लेने का कोई उपाय?"

"गंगाजी में गिरा पानी कोई वापस निकाल सकता है क्या?" तो म्हणे. वाईट नोयता तो माणूस. त्याचंही तोंड उतरलं होतं.

मले मंग रागच आला. स्वतःवरचा, पण काढला तिच्यावर. "दोडके सोडता येत नोयते तुले? त्या माणिकबाईसारखं? काय कमी होतं जगात सोडाले?"

गोदी पाण्याकडं पाहत म्हणे, "त्यानं सांगतलं सगळ्यात प्यारं असन ते सोडा. मंग मी दुसरं काय सोडू? तुमीच सांगा."

मी तिच्या बाजूले पायरीवर बसलो.

दोन तास आमी त्याच पायरीवर बसून होतो. बसवाले अन्नपूर्णेच्या दर्शनाले गेले, संकटमोचनाले गेले. आमी गेलो नाई. गाठ सोडायचंही कोणाच्या ध्यानात नाई आलं. बाजूनं नावा चालल्या होत्या, लोक फोटो काढून राहिले होते, अन् गोदीनं माहा फोन दोन्ही हातात धरून मांडीवर ठेवला होता. पडदा काळा झाला का ती बोट लावून पुन्हा उजेड करे. ओठ हलत होते. कोणत्या देवाचं नाव घेत होती, मी विचारलं नाई.

फोन वाजला तवा तिनंच उचलला. श्याम होता. तिनं ऐकलं अन् माह्याकडं पाहून म्हणे, "पोरगी झाली. रक्त चढवून राहिले. जीवाचा धोका टळला म्हणतात." अन् मंग पदर तोंडात कोंबून अशी रडली, का बाजूचा नावाडी वल्हं टाकून पाहाले लागला.

बसनं वापस यायला दोन दिवस लागले. वाटेत एकदा पोरीनं फोन केला. आवाज पार खोल गेलेला. "बाबा, आईले द्या." मी गोदीच्या कानाले फोन लावला. पोरगी तिकडून आई, आई करत होती. गोदीनं डोळे मिटून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. हूं नाई का चूं नाई. मी हातानं खुणावलं, बोल बापा, गंगा लय मागं राहिली, कोण पाहते? तिनं फोन माह्या हातात देल्ला अन् खिडकीकडं तोंड केलं. मागच्या सीटवरून माणिकबाई म्हणे, "अशी कशी माय ही, दगडाची!" मी त्या बाईले अशा दोन शिव्या हासडल्या, का नागपूर येईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाई.

अमरावतीले उतरलो. मी थैल्या घेऊन नांदगावच्या गाडीकडं निघालो, तं गोदी जागची हालेना.

"अकोल्याची गाडी कुठून लागते?" तिनं विचारलं. "तुमाले तं माहीत असन."

दवाखान्यात पोचलो तवा दुपार होती. श्यामनं वाकून नमस्कार केला. गोदीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् सरळ खाटेकडं गेली. प्राजक्ता उशीले टेकून बसली होती, पिवळी पडलेली. मायले पाहिलं अन् तिचं तोंड लहान पोरीसारखं वाकडं झालं.

"आई."

गोदीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. गालावरून हात फिरवला, पायावरची चादर नीट केली. पण तोंडातून एक शब्द नाई.

"बोल ना आई. एकदा तरी बोल."

मले ते पाहवेना. घाटावर काय झालं ते मीच पोरीले सांगतलं, मान खाली घालून. माही चूक सांगतली. संकल्प सांगतला. जनमभराचा हाय, हेही सांगतलं. पोरीनं ऐकलं अन् हुंदके देऊन रडाले लागली, पोटाच्या टाक्यांवर हात दाबून.

गोदीनं पाळण्यातून नातीले उचललं. मांडीवर घेतलं, दुपटं सैल केलं, हातपाय पाहिले, कानामागं पाहिलं. मंग त्या तीन दिवसांच्या जीवाच्या तोंडाजवळ तोंड नेलं अन् खणखणीत आवाजात म्हणे,

"तुह्या मायले सांग वं, रडू नको म्हणा. टाक्यावर ताण येते."

प्राजक्ता मायकडं पाहत राहिली. गोदी काही केल्या वर पाहेना, नातीकडंच पाहत होती, अन् डोळ्यातलं पाणी त्या लेकराच्या दुपट्यावर पडत होतं.

पोरगी मायचीच. तिले उमजाले वेळ नाई लागला. तिनं डोळे पुसले, पुढं वाकली अन् लेकराचा पाय बोटात धरला.

"आजीले विचार," ती म्हणे, "जेवली का?"

"नाई म्हणा," गोदीनं नातीले सांगतलं. "तीन दिवस झाले, घास उतरला नाई म्हणा."