रहिमोनं शिवलेली पिशवी

खुळीच मी. अल्लाल चित्रकार गेला तेव्हा मला वाटलं, आता माझ्यावरून भांडणं लागणार!

मी बोलतेय ती रंगांवरच्या एका अरबी पुस्तकाची प्रत. वय चाळिशीच्या पुढे, कणा ढिला. मोरोक्कोतल्या तेतुआन गावी एका छापखान्यात आम्ही साठजणी जन्मलो. तळघरात पाणी शिरलं आणि एकोणसाठजणींचा लगदा झाला. उरले मी. त्यात माझं कर्तृत्व शून्य; अल्लाल त्या दिवशी मला घेऊन चहाला बसला होता, एवढंच.

पुढं तीस वर्षं तो माझ्याशी वाद घालत आला. समासात लिहायचा, "खोटं! सावली काळी नसते, निळी असते." ती निळाई घोटायची कशी, तेही तिथंच लिहिलंय. दुसरीकडे कुठंच नाही. "मी गेल्यावर ही नुझहाची," म्हणायचा. नुझहा म्हणजे त्याची शिष्या.

घरात बहीण रहिमो. तिला अक्षरओळख नाही. पण अरबी अक्षर दिसलं की उचलून कपाळाला लावणार. न जाणो, अल्लाचं नाव असेल. असे जुने कागद मशिदीत द्यायचे, ते लोक पुरतात. अल्लालच्या दुखवट्यात तिनं मला संत्र्याच्या फुलांच्या पाण्यानं पुसलं, मुका घेतला, त्याच्या शाळेतल्या धर्माच्या पुस्तकाशेजारी पांढऱ्या पिशवीत घातलं आणि तोंड शिवलं. इतके लाड कुणी केले नव्हते. मी आपली फुशारले!

तेवढ्यात नुझहा आली. रहिमोला ती मानानं 'लाल्ला' म्हणते.

"लाल्ला रहिमो, उस्तादांची पुस्तकं?"

"ती काय, तुझ्यासाठीच ठेवलीत." फ्रेंच पुस्तकांचा ढीग होता.

"आणि ते अरबी?"

"ते पवित्र. पिशवीत आहे. उद्या मशिदीत."

"अहो, ते रंगांचं आहे! आत उघड्या बायकांची चित्रं आहेत!"

"तोबा! मेलेल्या भावाला माझ्या नावं ठेवतेस?"

"चार टाके उसवा, लाल्ला. तुमच्या हाताचा मुका घेते."

"कफन शिवल्यावर उसवतात का गं? बस, चहा घे."

सुतकातल्या बाईशी झटापट कोण करणार? नुझहानं पिशवीवरून हात फिरवला. माझा कणा तिच्या बोटांना लागला. ती रडली, चहा प्यायली आणि फ्रेंच ढीग घेऊन गेली.

आता पिशवीत आम्ही दोघी. काल मी शेजारणीला म्हटलं, "नुझहा हट्टी आहे हो. कुदळ पडायच्या आत येईल, बघा."

"कुदळ परवाच पडली, बाई," ती म्हणाली. "हे अंगावर दडपलंय ना, ती माती."