झुमराचं आगाऊ मौलूद

या, असे शेगडीपाशी सरकून बसा. आमच्या प्रिझ्रेनजवळच्या खोऱ्यातल्या नाझिफची गोष्ट सांगतो. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. जिच्यासाठी सांगतोय तिला रडवी माणसं आवडत नसत.

तर नाझिफ स्कोपियेतल्या एका व्हिसाच्या कचेरीत खिडकीसमोर उभा होता. अंगात लग्नातला कोट, हातात कोरा करकरीत पासपोर्ट. जायचं होतं सरायेव्होला, बहिणीकडे. मग स्कोपियेत काय करत होता? अहो, त्या सरायेव्होवाल्यांच्या लेखी आमचा देशच नाही. जो देश नाही तिथे ते कचेरी कशी उघडणार? म्हणून आमच्या माणसाने आधी तिसऱ्याच देशात जायचं आणि तिथून विचारायचं, की बाबांनो, नसलेल्या गावाहून आलोय, आत घेता का? नाझिफच्या तरुणपणी हे सगळं एकच राज्य होतं. प्रिझ्रेनला बसमध्ये बसलं, दोन उकडलेली अंडी खाल्ली, एक झोप काढली, की बहिणीचं दार.

खिडकीपलीकडच्या मेलिहाबाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"काका, फार वाईट वाटलं. बहीण कधी वारल्या?"

"वारली नाही. ठणठणीत आहे."

"पण प्रवासाच्या कारणापुढे तुम्ही लिहिलंय, 'बहिणीचं मरणाचं मौलूद'."

"तेच कारण आहे."

"आणि बोलावण्याच्या पत्राखाली सही कुणाची?"

"तिचीच. आमच्या घरात ती कुणाला सही करू देत नाही."

आता हे मौलूद काय, ते सांगायला हवं. प्रेषितांच्या जन्माचं ते गाणं. घर बांधलं, मूल झालं, माणूस गेलं, की आमच्याकडे मौलूद होतं, आणि ते गायला नाझिफ. तसा तो पत्र्याचं काम करणारा. चुलीची धुराडी, पन्हाळी, डबे. दिवसभर ठोकाठोकी. पण संध्याकाळी त्याने सूर लावला की स्वयंपाकघरातल्या बायका हातातला झारा तसाच धरून उभ्या राहत. देव कुणाला शेत देतो, कुणाला मुलं. नाझिफला त्याने गळा दिला आणि झुमरा नावाची बहीण दिली. आई गेली तेव्हा नाझिफ चार वर्षांचा, झुमरा तेरा. तिनेच त्याला वाढवलं, तिनेच मशिदीत नेऊन गायला बसवलं. पुढे लग्न होऊन सरायेव्होला गेली. नवरा ट्रामवर कामाला होता.

तो नवरा वारला तेव्हा नाझिफने अर्ज केला होता. आमच्यात माणूस आज गेलं तर उद्या दुपारच्या आत मातीआड. कागद यायला लागले सात आठवडे. तोवर चाळिसाव्या दिवसाची प्रार्थनाही उरकली होती. नाझिफ गेलाच नाही. मग ऐंशी ओलांडल्यावर एक दिवस झुमराचा फोन आला.

"नाझिफ्या, मी मेल्यावर तुझे कागद येईपर्यंत माझ्या कबरीवरचं गवत बकरी दोनदा खाऊन जाईल. मग माझं मौलूद कोण गाणार? आमच्या गल्लीतला तो नाकातून गाणारा? ते काही नाही. तू आधीच ये. मी ऐकून घेते."

"अगं ताई, असं कुठे असतं?"

"आत्तापर्यंत नव्हतं. आता आहे."

आणि नाझिफच्या मनाला ते पटलं. आईने काही गायलेलं त्याला आठवत नव्हतं. आठवत होता तो झुमराचाच आवाज. तिला गाऊन निरोप द्यायचा तर ही एकच वाट उरली होती.

मेलिहाबाई समजुतीने म्हणाल्या, "काका, मयत असेल तर मृत्यूचा दाखला लागतो. नसेल तर 'नातेवाइकांची भेट' लिहा. सोपं आहे."

"भेट तर आहेच. पण मी जातोय मौलूद गायला. ज्या तोंडाने प्रेषितांचं नाव घेतो, त्या तोंडाने अर्धवट कसं सांगू?"

"तोंडाने नका सांगू, पेनाने लिहा."

"पेन माझंच आहे ना, बाई."

मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला. मेलिहाबाईंनी पत्रावरचा नंबर फिरवला. नाझिफला पलीकडचा आवाज काच ओलांडून ऐकू येत होता. सगळ्या कचेरीलाच येत होता.

"कोण? कचेरीतून? आमच्या नाझिफ्याने जेवण केलंय का?"

"आजी, तुमच्या मरणाच्या कार्यक्रमासाठी तुमचे भाऊ..."

"हो, माझ्याच. मला सांग पोरी, मी खरोखर मेले, तर त्याला त्याच दिवशी सोडशील?"

मेलिहाबाईंना खोटं बोलता येईना. "त्याच दिवशी नाही हो, आजी. कागद वर जातात, खाली येतात."

"मग तोवर मी काय करू? लोणच्याच्या बरणीत बसू?"

मेलिहाबाईंनी फोन हळूच ठेवला. मग स्वतःचं पेन काढून 'मरणाचं' हा एवढाच शब्द खोडला. "'बहिणीचं मौलूद' राहू दे. यात खोटं काही आहे?"

नाझिफने दोनदा वाचून पाहिलं. "नाही. बरोबर आहे."

पाच आठवड्यांनी व्हिसा आला, पण पासपोर्टात नाही. एका सुट्या कागदावर. पासपोर्टात चिकटवला तर पासपोर्ट मानल्यासारखं होतं ना! नाझिफ हिरमुसला. एवढी बत्तीस पानं, आणि एकावरही काही उमटू नये?

सीमेवरच्या शिपायानेही शिक्का त्या सुट्या कागदावरच मारला. "हा जपा, काका. परत जाताना आम्ही ठेवून घेतो."

"मग मी आलो होतो हे कशावरून?"

"तुम्हाला माहीत असेल की," शिपाई म्हणाला.

झुमरा दारातच होती. आधी भावाचा कोट चाचपून पाहिला, वाळलास म्हणाली आणि तशीच चुलीकडे वळली. आमच्यात मयताला हलवा करतात. स्वतःच्या मयताचा हलवा ती स्वतःच ढवळत होती, कारण सुनेचा हात लोण्याला आखडता.

शेजारी जमले, पण कुणाला काही सुचेना. सांत्वन करावं तर मयत समोर सरबत वाढतंय. शेजारची एक म्हातारी सवयीने डोक्यावरच्या रुमालाआड हुंदके देऊ लागली.

"ए, तू का रडतेस?" झुमराने विचारलं.

"मौलूदाला मी नेहमी रडते."

"माझ्यानंतर रड. आत्ता मला ऐकू दे."

मग नाझिफ गायला बसला. शेकडो घरांत गायला होता, पण त्या दिवशी पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. झुमराने लहानपणी द्यायची तशी गुडघ्यावर थाप दिली आणि तीच ओळ आपल्या फाटक्या गळ्याने उचलली. मग त्याला वाट सापडली. गात गात तो प्रेषितांच्या जन्मापाशी आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले. झुमराही उभी राहिली, चुलीचा कठडा धरून, डोळे मिटून. शेवटच्या प्रार्थनेत तिचं नाव घ्यायची वेळ आली आणि नाझिफ थांबला. मेलेल्यांच्या ओळीत घालू, की जिवंतांच्या?

"दोन्हीकडे घे," झुमरा म्हणाली. "बाकीचं तो बघेल."

निघायच्या सकाळी तिने त्याचा पासपोर्ट मागून घेतला. पानं उलटली.

"अरे, हे तर कोरंच. लोक म्हणतील, नाझिफ बहिणीकडे गेलाच नाही."

"ते मारत नाहीत, ताई. त्यांना चालत नाही."

"त्यांना नसेल चालत." झुमरा हलव्याची पातेली पुसत होती. लोण्याने माखलेला अंगठा तिने सातव्या पानाच्या मधोमध दाबला. चांगला दाबला, कचेरीतल्या बाईसारखा. "जा आता."

परतताना सुटा कागद सीमेवर काढून घेतला गेला. आमच्या बाजूच्या पोलिसाने पासपोर्ट उघडला, सातवं पान उजेडाला धरलं. "काका, हा डाग कसला? यानं पासपोर्ट बाद होतो. बाहेरचे मानत नव्हतेच, आता आपलेही मानणार नाहीत."

"बहिणीकडचा आहे," नाझिफ म्हणाला. पोलिसाने पान हुंगलं आणि वही मिटून परत दिली.

गावातल्या कॉफीच्या दुकानाचा मालक सुल्यो वाटच बघत होता. "सरायेव्हो म्हणे! प्रिझ्रेनच्या बसथांब्यावर चार दिवस झोपून आला असशील. शिक्का दाखव." नाझिफने सातवं पान उघडून पुढे ठेवलं. सुल्यो वाकला, नाकाशी नेलं, आणि मग नुसती कॉफी भरून दिली.

पुढच्या हिवाळ्यात झुमरा गेली. सकाळी नऊला फोन आला, दुपारी तिला माती दिली. नाझिफने अर्ज केला नाही. त्याने आपल्या पत्र्याच्या दुकानाची फळी आतून लावली, पासपोर्ट खिडकीत उघडा ठेवला आणि मौलूद म्हटलं, पहिल्या ओळीपासून. रस्त्याने जाणारे आम्ही दोघे-चौघे बाहेरच उभे राहिलो, प्रार्थनेला हात उचलावेत की नाही हे न कळून.

त्या पासपोर्टाची मुदत कधीच संपली. नाझिफने तो बदलला नाही. लोणी झिरपत झिरपत आता नवव्या पानापर्यंत आलंय. उजेडात धरलं तर तिन्ही पानांतून एकच अंगठा दिसतो.

तर मंडळी, आज घरी जाऊन प्रार्थनेला हात उचलाल, तेव्हा झुमराचं नाव तेवढं घ्या. आता तिला एकाच ओळीत घातलं तरी चालेल.