मास्तरांची अर्ध्या इंचाची माया

मास्तरांनी आपलं शिंपीकामाचं दुकान बंद केल्याला दोन महिने झाले होते आणि घरात ते सगळ्यांच्या पायात पायात येत होते. बायकोने केर काढायला घेतला की नेमके तिथेच उभे. लेकीचे कागद टेबलाच्या कडेला काटकोनात लावून ठेवायचे, मग तिला ते सापडायचे नाहीत. छत्तीस वर्षं ज्यांच्या टेपपुढे भले भले हात वर करून उभे राहिले, त्यांना आता चहा कुठे बसून प्यावा हेही सुचेना.

घरामागे एक गाडी मावेल एवढी मातीची जागा होती. तिच्यावर मास्तरांचा डोळा होता, आणि लेकीचाही, कारण तिने नुकतीच जुनी गाडी घेतली होती.

"चाळीस दिवस देते, बाबा," ती म्हणाली. "चांगला जाडजूड मुळा काढून दाखवा, जागा तुमची. नाहीतर फरशीवाला येणार."

जगात आपलं म्हणावं असं आता तेवढंच उरलंय, असं मास्तरांना एकाएकी वाटलं. ते तडक बियाण्यांच्या दुकानात गेले.

"मुळ्यात अवघड काय आहे?" दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "माती भुसभुशीत करा, पाणी बेताचं घाला आणि पेरताना जरा माया असू द्या. मग बघा कसे येतात!"

माया काय असते हे मास्तरांना कोणी शिकवायला नको होतं. पुढे कधी कपडा सैल करावा लागला तर म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया. साध्या कामाला अर्धा इंच. त्यांनी मातीत रेघा आखल्या, टेप लावली आणि अर्ध्या अर्ध्या इंचावर एकेक बी टोचलं.

"अहो, मुळे लावताय की काजं करताय?" बायकोने दारातून विचारलं. मास्तरांनी टेप पुढे सरकवली.

पाला असा फोफावला की मास्तर शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवू लागले. पंचविसाव्या दिवशी त्यांनी एक रोप उपटून पाहिलं. खाली मुळा कसला, सुईत ओवावा असा दोरा! ते रोप घेऊन ते धावत दुकानात गेले.

"अंतर किती ठेवलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेवढंच. माया. अर्धा इंच."

बाई हसत हसत पोत्यावरच बसल्या. "अहो मास्तर, मी प्रेमाबद्दल बोलत होते! आता दर सहा रोपांत एकच ठेवा, बाकीची काढून टाका."

चिंधीसुद्धा कधी वाया न घालवलेला माणूस तो. जिवंत रोपं काढायला त्यांचा हात पुढे होईना. जेवणाची वेळ टळून गेली तरी ते नुसते उभे होते. शेवटी छोटी कात्री आणली आणि मन घट्ट करून एकेक रोप बुडापाशी कापलं.

चाळिसाव्या दिवशी लेक मागच्या दारी आली. मास्तरांनी त्यातल्या त्यात दांडगं रोप निवडून उपटलं. करंगळीएवढा मुळा निघाला. दुसरं उपटलं, तेही तसंच.

बायको घाईघाईने म्हणाली, "छान आहे की! कोवळा आहे."

"नाही," मास्तर म्हणाले. खोटं माप त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. "काम बिघडलंय. माझ्या हातून बिघडलंय. बोलाव फरशीवाल्याला."

लेकीने मुळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"गाडी राहील रस्त्यावर," ती म्हणाली. "बाबा, दुकान बंद केल्यापासून तुम्ही रोज जाऊन त्या बंद शटरसमोर उभे राहायचात. या चाळीस दिवसांत एकदाही गेला नाहीत."

हे घरात कोणाला माहीत आहे याची मास्तरांना कल्पनाच नव्हती. त्यांनी तिच्या हातातला मुळा घेतला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसत राहिले.

"बी संपलंय," ते म्हणाले, आणि चपला शोधायला आत गेले.