घड्याळजींनी भरलेली बरणी

मी एक काचेची बरणी आहे. अर्धा किलो मावेल एवढी, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. माझं तोंड बहुतेक वेळ बंदच असतं, म्हणून आज उघडं आहे तोवर सगळं सांगून टाकते.

स्वभावाने मी जरा भोचक. काचेला चहूबाजूंनी दिसतं, त्याला मी काय करणार? पण एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही, ती म्हणजे चव. पोट माझं भरतात आणि खातात दुसरेच. म्हणून कुणी चमचा तोंडात घातला की मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसते. निदान तिथून तरी काही कळेल, ही आशा.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या माझ्यासारख्याच शेकडो जणी. सुरुवातीला माझ्यात मध होता. तो संपल्यावर मला फेकून न देता धुऊन पुसून ठेवलं ते एका घड्याळजींच्या बायकोने. खाली रस्त्याला लागून घड्याळं दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, असं ते घर.

बाईंचा एक नेम होता. कुणी जेवायला बोलावलं की रिकाम्या हाताने जायचं नाही. आदल्या दिवशी त्या खजूर, जर्दाळू आणि संत्र्याची साल एकत्र शिजवायच्या, त्यात अक्रोड-बदाम घालायच्या आणि बरण्या भरायच्या. ब्रेडला लावून खायचं. जॅम म्हणावा तर दाताखाली अक्रोड यायचा, चटणी म्हणावी तर गोड. शेवटी घरात त्याला नुसतं 'ते' म्हणू लागले. आईचं 'ते'. इतर बरण्या लोकांच्या घरी जायच्या, मी मात्र घरची. त्या बरण्यांचं पुढे काय होतं, लोक त्या कधी उघडतात, उघडल्यावर काय म्हणतात, याचं मला फार कुतूहल होतं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मी फळीवर पालथी पडले ती पडलेच. घड्याळजी दुकान उघडायचे, बंद करायचे, वर येऊन दूध-ब्रेड खायचे. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिचा रोज फोन यायचा आणि हे रोज "बरं आहे" म्हणून फोन ठेवायचे. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे यांच्या विहीणबाईंनी, तीनदा जेवायला बोलावलं. तिन्ही वेळा यांनी दुकानाचं निमित्त काढलं. चौथ्यांदा विहीणबाई स्वतः फोनवर आल्या आणि रविवारी दुकान बंद असतं हे मला माहीत आहे, असं म्हणाल्या. मग पळवाट उरली नाही.

शनिवारी सकाळी घड्याळजींनी मला फळीवरून काढलं. धुतलं, उजेडात धरलं आणि चक्क माझ्याशी बोलले.

"पोरीला पुन्हा एकदा तिच्या आईची चव मिळाली पाहिजे."

माणूस आयुष्यात कधी चहाच्या पलीकडे गेला नव्हता. बाईंनी कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. ते थेट किराणा दुकानात गेले आणि बाई काय काय न्यायच्या ते विचारून आले. दुकानदाराला यादी तोंडपाठ होती, पण किती न्यायच्या हे विचारल्यावर तो म्हणाला, अहो, त्या अंदाजाने न्यायच्या. घरी येऊन घड्याळजी बराच वेळ तो शब्द पुटपुटत बसले. ज्याने उभा जन्म केसाच्या जाडीएवढ्या फरकाशी झगडण्यात घालवला, त्याला अंदाज म्हणजे जवळजवळ शिवीच.

मग जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानातला छोटा तराजू वर आला. डोळ्याला भिंग लागलं. चिमट्याने बदामाची सालं निघाली. अक्रोड तर त्यांनी असे कापले की एक तुकडा दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठा नसावा. मला सगळं ठाऊक होतं हो. बाई अक्रोड हाताने मोडायच्या, तेही शेजारणीशी गप्पा मारता मारता. पण मला कोण विचारतंय? पहिला घाणा करपला. दुसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या तीन घड्याळांवर वेळ लावली आणि ढवळताना पातेल्यावरून नजर काढली नाही. ते घट्ट, तपकिरी झालं, चकाकायला लागलं.

एक गोष्ट मला खटकली. त्यांनी चमचा भरून तोंडापर्यंत नेला आणि न चाखताच खाली ठेवला. असं दोनदा झालं. स्वयंपाक करणारा माणूस चाखून बघत नाही, हे काय गौडबंगाल, मला काही उलगडेना.

त्यानंतर त्यांनी ती चूक केली. चूक कसली, सवय. पाण्यात चालणाऱ्या घड्याळाची पाठ बसवावी तसं त्यांनी माझं झाकण बसवलं. आत नवी रबराची रिंग घातली. मला फडक्यात गुंडाळून दुकानातल्या लोखंडी शिकंज्यात धरलं आणि कडकडीत मिश्रण पोटात असतानाच झाकण पान्याने आवळलं. गार झाल्यावर मला बादलीत बुडवून तासभर बुडबुडे येतात का ते बघितलं. एकही आला नाही. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. माझा मात्र जीव गुदमरला होता.

रविवारी मी प्रथमच घराबाहेर पडले. बसमध्ये त्यांच्या मांडीवर, कापडी पिशवीत. पिशवीच्या विणीतून जेवढं जग दिसलं तेवढं बघून घेतलं.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. घर कसं आखीव-रेखीव. मुलीने दार उघडलं, पिशवीतून मी बाहेर आले आणि मला बघताच तिने नजर फिरवली. तिने मला ओळखलं होतं. मग करपेल असं काही गॅसवर नसताना, गॅस बघते म्हणून आत निघून गेली. विहीणबाईंनी मनापासून आभार मानले आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुण्यांसमोर भेट उघडणं त्यांच्या मते हावरटपणाचं. कपाटात माझ्या एका बाजूला कधीच न पेटलेली मेणबत्ती होती आणि दुसऱ्या बाजूला सहा कप, ज्यांनी चहा कधी पाहिला नव्हता. दिलेल्या बरण्यांचं पुढे काय होतं, याचं उत्तर मला मिळालं. मला ते मुळीच आवडलं नाही.

जेवण झालं. गप्पा झाल्या, म्हणजे विहीणबाई बोलल्या आणि घड्याळजींनी मान हलवली. त्यांचं सगळं लक्ष कपाटाकडे. पण बोलायचं धाडस होईना. मुलगीही माझ्याकडे बघणं टाळत होती. शेवटी ते उठले, दारात गेले, एक बूट घातला. संपलं, आता आपण या मेणबत्तीच्या शेजारी म्हातारं व्हायचं, असं मी मनाशी धरलं. तेवढ्यात ते वळले.

"ताई, राग मानू नका. ती बरणी आत्ता उघडाल का?"

विहीणबाई चपापल्या, पण मी बाहेर आले. पुढची पंधरा मिनिटं विचारू नका. विहीणबाईंनी जोर लावला. जावयाने लावला, तो लालबुंद झाला. मला गरम पाण्यात उभं केलं, बुडावर चापट्या मारल्या, टॉवेलने पिळलं. झाकण हलेना. पाणी आत जाऊ नये म्हणून जरा घट्ट बसवलंय, असं घड्याळजींनी ओशाळून सांगितलं. त्या 'जरा'वर जावयाने त्यांच्याकडे जे बघितलं ते बघण्यासारखं होतं.

अखेर एका पायात बूट घातलेले घड्याळजी पुढे झाले. घड्याळाची पाठ उचकटायची पातळ सुरी त्यांच्या खिशात कायम असते. तिचं टोक त्यांनी झाकणाच्या कडेखाली अलगद सरकवलं. टक् असा आवाज झाला, हवा आत शिरली आणि मी श्वास घेतला.

मुलीने चमचा घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते, मी तर सर्वांत जवळून. तिने सावकाश चावलं, गिळलं आणि चमचा खाली ठेवला.

"बाबा, हे आईचं नाही."

घड्याळजी खुर्चीत बसले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी चाखलंच नाही. चाखून कशाशी ताडून बघणार होतो? चाळीस वर्षं खाल्लं गं मी ते, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून. तिचं कसं लागायचं, ते मला आठवतच नाही."

हे ऐकलं आणि मला त्या न चाखलेल्या चमच्याचा उलगडा झाला. मला फार वाईट वाटलं. मुलगी त्यांच्या शेजारी खाली बसली आणि त्यांच्या पायातला तो एक बूट काढून तिने बाजूला ठेवला.

"मला आठवतं," ती म्हणाली. "मी सांगते. आपण करून बघू."

तेव्हापासून दर रविवारी ती माहेरी येते. मी पुन्हा घड्याळजींच्या घरी आहे, विहीणबाईंना त्यांनी दुसरी भरून दिली. कधी साल जास्त, कधी खजूर कमी, कधी अक्रोड मोठे. ती चाखते, डोळे मिटून विचार करते आणि काय चुकलं ते सांगते. ते वहीत लिहून घेतात. मध्येच तिच्या आईची एखादी गोष्ट निघते आणि पातेलं खाली लागतं.

आज सहावा घाणा झाला. अजून कोमट आहे, म्हणून मी उघडी आहे आणि तुमच्याशी बोलतेय. मघाशी तिने चमचा तोंडात घातला तेव्हा मी नेहमीसारखी टक लावून बघत होते. तिची हनुवटी थरथरली. पहिला घास गिळायच्या आत तिने दुसरा चमचा भरला. मग पाठमोरी होऊन खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. घड्याळजी हातात वही घेऊन, श्वास रोखून थांबले होते.

तिने डोळे पुसले, वळली आणि म्हणाली, "अजून नाही, बाबा. पुढच्या रविवारी परत करू."

चव मला कळत नाही, हे मी आधीच कबूल केलंय. पण तुम्हाला काही कळलं असेल, तर कृपा करून घड्याळजींना सांगू नका.