आत्याने मागितलेली दाढ

माझ्या नवऱ्याची, लोपेतीची, दाढ दुखायला लागली तेव्हा लोसे माझ्या पोटात होती. लोसे रांगायला लागली तरी दाढ जागेवरच होती. मधल्या काळात दात काढणाऱ्यांची बोट आमच्या बेटावर दोनदा येऊन गेली. पहिल्या खेपेला नवरा मासे धरायला गेला तो बोट क्षितिजाआड गेल्यावरच परतला. होडीत मासा एकही नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याला नेमकं त्याच सकाळी आठवलं, की कोनफळं लावायची राहिलीत.

या वेळी मात्र गाल सुजला. उजवा डोळा बारीक झाला, हनुवटी एका बाजूला गेली. लोसेने बापाकडे एकदा बघितलं, किंचाळली आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. रोज ही पोर त्याच्या छातीवर पडून, त्याचं खर्जातलं गुणगुणणं ऐकत झोपायची. आता तीन दिवस ती त्याच्या वाऱ्याला उभी राहीना. तो लांबून हात पुढे करायचा, ती हंबरडा फोडायची, तो हात मागे घ्यायचा. ते मला बघवत नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगून ठेवलं होतं, "सूज गळ्याकडे उतरली तर माझ्या हातात काही नाही. शुक्रवारी बोट येतेय. दाढ काढून घ्या. पुढची खेप सहा महिन्यांनी."

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या कमरेला चारचौघांत जाताना नेसायची चटई गुंडाळली, गाठ जरा जास्तच घट्ट मारली, आणि लोसेला काखेत घेऊन त्याला चर्चच्या सभागृहाकडे चालवलं. भरतीबरोबर बोट निघणार होती. म्हणजे दोन वाजेपर्यंत काय ते.

"सेइनी, सुई कानातून बाहेर येते म्हणे," वाटेत तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"काव्ह्याच्या बैठकीत सगळेच म्हणत होते." काव्हा म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, आमचे पुरुष ते रात्र रात्र पीत बसतात.

"त्यांच्यातल्या किती जणांनी दाढ काढलीय?"

मग मीच सांगितलं, कारण माझी एक काढून झाली होती. आधी हिरडीला सुई टोचतात. लाल मुंगी चावल्यासारखं होतं. मग ओठ जड होतो, आपला राहतच नाही, शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा वाटतो. मग दाढ रेटतात, हलवतात. दुखत नाही, पण आवाज येतो, फणसाची फांदी मोडल्यासारखा, तोही आपल्याच डोक्यात. त्यालाच माणूस घाबरतो.

"फांदी?" लोपेती थांबला.

"बारीक फांदी," मी म्हणाले आणि त्याला पुढे ढकललं.

सभागृहात बाकावर सात-आठ माणसं गाल धरून बसली होती. पुढे एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पाठीला उशी बांधलेली. आणि खुर्चीजवळ, कपाळावर दिवा लावून, दर खेपेला येणारा तो जाडा डॉक्टर नव्हताच! एक तरुण मुलगी होती. राजधानीहून आलेली, सिसिलिया नावाची.

लोपेतीचा उघडा डोळा चमकला. हा माणूस लग्नाआधी माझ्याशी बोलायला आला तेव्हा तो डोळा असाच चमकला होता, म्हणून मी सावध झाले.

"बाई, तुम्ही कुणाच्या?" त्याने अगदी अदबीने विचारलं. "आईचं गाव कुठलं? आणि आजीचं?"

आमच्याकडे हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला पाणीही देत नाही, तेव्हा तीही सांगत गेली. आई अमुक, आजी तमुक, आजीचं माहेर याच बेटावर, चिंचेजवळचं घर.

"चिंचेजवळचं! म्हणजे तुमची आजी माझ्या आजोबांची सख्खी बहीण!" लोपेतीने दोन पावलं मागे घेतली आणि मान खाली घातली. "म्हणजे तू माझी बहीण."

सिसिलियाने पकड ट्रेमध्ये ठेवली आणि स्वतःच्या चपलांकडे बघायला लागली. चांगल्या वळणाची मुलगी. चुलत, आते, मामे असलं आमच्यात काही नसतं. बहीण ती बहीण. भावाने बहिणीसमोर थट्टा करायची नाही, अंगाबद्दल बोलायचं नाही, पाय पसरून बसायचं नाही. मग आडवं पडून आ वासायचा म्हणजे! बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"खरंय. शोभत नाही."

"पोरगा रीत पाळतो हो."

"काय करणार," लोपेतीने उसासा सोडला. "माझी फार इच्छा होती."

मला हसू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम. सहा महिने! मी लोसेला दुसऱ्या काखेत घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "पण नातं नक्की आहे ना? नाहीतर उगाच आयती संधी जायची. आत्याला विचारू या का?"

"विचार ना! बोलव आत्याला," तो म्हणाला. "तिला सात पिढ्या पाठ आहेत."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. आठ साक्षीदार होते.

लावीनिया आत्या म्हणजे लोपेतीच्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात डुक्कर कापलं की पहिला वाटा तिचा, लग्नातल्या केकचा वरचा मजला तिचा, उत्तम चटई तिची. ती दारात दिसली की सासरे खुर्चीवरून उठतात. मी धावत गेले, नारळ खवत बसलेल्या आत्याला सगळं सांगितलं. सगळं, म्हणजे मासे आणि कोनफळांसकट. तिने हात पुसले. आणि चांगला फुलाफुलांचा झगा घालून आली.

सभागृहात सगळे उठून उभे राहिले. आत्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी, चटईवर बसली, सिसिलियाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"नाक आमचंच," ती म्हणाली. "नातं खरं आहे. ही तुझी बहीण."

लोपेती अर्ध्या तोंडाने हसला. दुसरं अर्धं हलत नव्हतं.

"लोपेती, तुझ्या बापाच्या घरातून मला साठ वर्षं सगळं मिळालं," आत्या पुढे म्हणाली. "पण तुझ्याकडे मी तोंड उघडून कधी काही मागितलं का?"

"नाही, आत्या."

"आज मागू?"

"मागा ना! डुक्कर हवं? होडी हवी?" सुटकेच्या आनंदात तो फारच उदार झाला होता.

"तुझी ती दाढ हवी."

क्षणभर सभागृहात फक्त लोसेचं अंगठा चोखणं ऐकू आलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. दुखऱ्या दातांची माणसं गाल दाबून हसत होती, "आई गं" म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. आत्याने मागितलं आणि भाच्याने दिलं नाही, असं आमच्या बेटावर कधी घडलेलं नाही. जो नाकारेल त्याची कोनफळं जमिनीतच कुजतात म्हणतात.

"पण आत्या, बहीण..." तो पुटपुटला.

"बहिणीने तुला कशाला बघायचं? तिने दाढ बघावी." आत्याने माझ्या खांद्यावरचं लोसेचं दुपटं ओढलं, मधोमध मूठभर भोक पाडलं आणि लोपेतीला खुर्चीत बसवून त्याच्या तोंडावर टाकलं. भोकातून फक्त तोंड दिसत होतं. दुपट्यावर बदकं होती. "बोलणं सेइनीमार्फत होईल."

सिसिलियाने दिवा लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, दादांना सांगा, आ करा."

"आ कर."

"आता थोडं टोचेल."

"मुंगी येतेय."

बदकांखालून एक "अं!" आला. सूज होती म्हणून तिने दुसरीही सुई दिली. दहा मिनिटांनी ओठ उसना झाला. त्याचा हात खुर्चीवरून चाचपडत आला आणि माझं बोट सापडल्यावर थांबला. तळवा गार पडला होता. वादळात होडी हाकणारा माणूस!

"वहिनी, म्हणावं हलू नका."

"हलू नकोस म्हणते." आणि मग, देव मला क्षमा करो, मी पुढे जोडलं, "आणि म्हणते, घरात जंतू नकोत, तेव्हा लोसेचे लंगोट महिनाभर तू धुवायचेस. कबूल?"

"आं," दुपट्याखालून आलं. दुसरं काय येणार.

सिसिलियाने ओठ घट्ट मिटले. भावासमोर थट्टेवर हसायचं नाही, म्हणून बिचारीचे नुसते खांदे हलत होते. तिने श्वास घेतला, पकड लावली, रेटली, फिरवली. मला शेजारी उभं राहूनही वाटलं की फांदी मोडली. त्याने माझं बोट इतकं दाबलं की अंगठी रुतली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," मी सांगितलं.

दाढ केवढी होती! तीन मुळं, टोकाला पू. सिसिलियाने ती धुऊन दोन्ही हातांनी आत्याला दिली. आत्याने रुमालाच्या कोपऱ्यात बांधली आणि झग्याच्या खिशात टाकली.

मग सूचना झाल्या, माझ्यामार्फत. कापसाची घडी अर्धा तास दाबून धरायची. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, शहाळं नळीने ओढायचं नाही. खळग्यातली रक्ताची गाठ निघाली तर आधीचं दुखणं परवडलं म्हणाल. आज गरम काही नको. कोनफळ कुसकरून, गार करून. गोळ्या पाच दिवस, मध्येच सोडायच्या नाहीत. आणि आठवडाभर काव्हा बंद. हे शेवटचं खरोखर तिनेच सांगितलं, पण तो माझ्याकडेच संशयाने बघत होता.

दोन वाजता बोट गेली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, डोळा जागेवर आला. लोपेती अंगणातल्या नळावर उकिडवा बसून लंगोट चोळत होता.

"सेइनी, ते लंगोटांचं खरंच ती बोलली?"

"पुढच्या खेपेला येईल तेव्हा विचार की."

"बहिणीला? लंगोटांबद्दल?" तो हात थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

"नातं तूच काढलंस," मी म्हणाले.

तेवढ्यात लोसे रांगत त्याच्यापर्यंत गेली. त्याचा गुडघा धरून उभी राहिली, आणि बराच वेळ त्याचं तोंड निरखलं. मग एक ओलं बोट त्याच्या गालावर टेकवलं. तो हललासुद्धा नाही. तोंड न उघडता, अगदी खालच्या सुरात, गुणगुणायला लागला. थोड्या वेळाने त्याने साबणाचे हात लांब धरून नुसत्या कोपरांनी तिला छातीवर घेतलं.

उरलेले लंगोट मी धुतले. हे त्याला सांगितलेलं नाही.