पाठीवरचा तळवा

मंगळवार, दिनांक १२ मार्च २०१९, सकाळी पावणेनऊची वेळ. स्थळ गफ्सा शहरातील रेल्वेरुळांपलीकडच्या बालवाडीचे स्वयंपाकघर. सोंदुसने मोंजियाच्या हातातला कंगवा हिसकावून घेतला. मोंजियाला ती 'खालती', म्हणजे मावशी, म्हणत असे.

"नका विंचरू म्हटलं ना, खालती! असू दे तशीच."

"अशी? झिंज्या सोडून? आई आहेस की सावत्र?"

"सरकारची माणसं येताहेत, सोयरीक जुळवायला नव्हे. जशी आहे तशी दिसू दे की पोर!"

सोंदुसचे म्हणणे बिनतोड होते. तिची पाच वर्षांची बय्या बोलत नसे. गलका झाला की ती भिंतीवर डोके आपटून घेई आणि दार उघडे दिसले की रस्त्याकडे धाव घेई. अशा मुलासाठी सरकार बालवाडीत एक सोबतीण नेमते. मात्र समितीने मूल वर्गात पाहून, सोबतीवाचून त्याचे निभणार नाही, असे लिहून द्यावे लागते. तसे लेखी आले नाही तर एक तारखेपासून बय्याचे नाव कमी होईल, हे संचालिकेने सोंदुसला बजावले होते. मग खजुराच्या कारखान्यातले काम सोडून, मुलीसह घरात कोंडून घेणे, एवढेच तिच्यापुढे उरत होते.

आजवर निभले ते मोंजियामुळे. सव्वीस वर्षे ती येथे स्वयंपाक करत होती; चाळीस लेकरांची नाके पुसणे तिने आपण होऊन अंगावर घेतले होते. बय्याच्या मागे बसून, दोन खांद्यांच्या मधोमध तळवा घट्ट दाबून ठेवला की ही पोर शांत होते, हा शोध तिचाच. परंतु चुलीवर भांडे ठेवून दिवसभर असे बसता येत नाही. शिवाय जूनअखेर ती निवृत्त होणार होती.

"शपथ घ्या," सोंदुस म्हणाली. "ते जाईपर्यंत इथून बाहेर पाऊल टाकणार नाही."

"घेतली."

"तोंडदेखली नको."

"आता काय चुलीत हात घालू? घेतली म्हणते ना!"

समितीतर्फे दोघे आले: सी लसाद, म्हणजे लसादसाहेब, हे पोक्त अधिकारी आणि त्यांच्यामागे एक तरुण डॉक्टर. मोंजियाने नारंगीच्या फुलांचे पाणी शिंपडून कॉफी केली, बशीत मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या तळलेल्या वड्या, रचले. आलेला माणूस शत्रू असला तरी पाहुणा असतो, आणि पाहुण्यापुढे घरचे उणे उघडे पडू द्यायचे नसते. या नियमाला अपवाद असू शकतो, हे तिला कोणी कधी शिकवले नव्हते.

भिंतीपलीकडे डॉक्टरने टाळी वाजवली. बय्याने कण्हायला सुरुवात केली. डोक्याचा पहिला ठोका भिंतीवर पडला. हेच व्हायला हवे होते. मोंजिया तबक धरून जागीच उभी राहिली. तेवढ्यात सी लसाद यांचा आवाज आला.

"असल्यांना इथं आणतात कशाला? बाकीच्या लेकरांनी काय पाप केलंय?"

मोंजिया तबक घेऊन वर्गात गेली. ते तिने टेबलावर ठेवले, बय्याच्या मागे बैठक मारली आणि तळवा पाठीवर दाबला. पोर निवली.

"घ्या, कॉफी घ्या, सी लसाद. आणि बघा, असली कशी बसते ती."

दारातून सोंदुस मानेने खुणावत होती: उठा, उठा. मोंजियाने तिकडे पाहिले नाही. पंचवीस मिनिटे बय्या स्वस्थ बसली. डॉक्टरने पुढे ठेवलेल्या खेळण्याच्या दांडीत तिने तीन कड्यासुद्धा ओवल्या. सी लसाद यांनी दुसरा मकरूद संपवला, बोटे पुसली, लिहिले आणि वाचून दाखवले: "मूल शांत बसते. सूचना पाळते. सोबतीची गरज आढळली नाही."

मोंजियाचा चेहरा उतरला.

"अहो, माझा हात होता म्हणून बसली!"

"तुम्ही कोण इथल्या?"

"स्वयंपाकीण."

"मग स्वयंपाकघर सांभाळा."

"हात काढते. आत्ता बघा काय करते ती."

"भेट संपली. दाखवायचं होतं तेव्हा झाकलंत."

"तुम्ही तिला असली म्हणालात!"

"म्हणालो. म्हणून तुम्ही मला खोटं पाडायला आलात. पाडलंत. आता मीच उलटं लिहून पुन्हा खोटा ठरू?"

या युक्तिवादात दयामाया नव्हती; तथापि त्यात खोडही काढता येत नव्हती. मोंजियाने तरीही हात उचलला. बय्या क्षणभर थांबली आणि मग तिने भिंतीकडे धाव घेतली. ठोके ऐकू येत असतानाच सी लसाद यांनी कागद घडी करून खिशात घातला. डॉक्टरने एकदा मागे वळून पाहिले आणि तोही गाडीत बसला.

अंगणात सोंदुस गुडघ्यांवर बसून मुलीला बूट घालत होती. बय्याच्या कपाळावर टेंगूळ आले होते.

"अर्ज करू आपण," मोंजिया म्हणाली. "पुन्हा बोलावू त्यांना. मी साक्ष देते, वाटेल तिथे येते. त्या मेल्याचं बोलणं ऐकवलं नाही गं मला."

"मी पाच वर्षं ऐकतेय," सोंदुस म्हणाली. "तुम्हाला एक सकाळ ऐकून घ्यायची होती."

"पण पोरीला असं..."

सोंदुसने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि मुलीला कडेवर घेतले.

"चूक तुमची आहे, खालती."